सरड्याच्या ताटातलं झुरळ

झुरळ दिसलं की हात आधी चपलेकडे जातो. त्यामुळे अमेरिकेत सरडे आणि पाली पाळणारे लोक घरात मुद्दाम झुरळं वाढवतात, हे ऐकून अंगावर काटा येणं साहजिक आहे. पण जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत आणि घरात उपद्रव देणाऱ्या त्यांतल्या जेमतेम तीसेक. हे लोक वाढवतात ते ‘डुबिया’ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. मोरीतल्या झुरळाचा तो लांबचा नातलग. पाळलेल्या प्राण्याच्या पोटात नेमकं काय जातं, यावर नजर ठेवण्याचा डुबिया घरी वाढवण्याइतका भरवशाचा मार्ग मला दुसरा दिसत नाही.

लेपर्ड गेको या पालीला जिवंत किडेच लागतात. बियर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या पिल्लांचाही मुख्य आहार तोच. त्यासाठी पूर्वी दुकानातून रातकिडे आणत. ते दोन-तीन महिन्यांत मरतात, रात्रभर किरकिरतात आणि डब्याला घाण वास सुटतो. त्यातच 2010च्या सुमारास एका विषाणूनं अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या पैदाशीला जबर फटका दिला आणि पुष्कळ जण डुबियाकडे वळले. डुबियाचा संसार साधा असतो: गुळगुळीत प्लास्टिकचा डबा, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले आणि एका बाजूला तीसेक अंशांची ऊब. नराला लांब पंख, मादीला नुसते खुंट. मादी अंड्यांची पिशवी बाहेर टाकून देत नाही. ती पोटातच उबवते आणि साधारण महिन्याभरानं वीस-तीस पिल्लं देते. नवं पिल्लू पांढरंफटक असतं, काही तासांत तपकिरी होतं. वयात यायला मात्र त्याला चार-सहा महिने लागतात. तेवढा धीर न धरता माद्याच सरड्याला घातल्या, तर डबा रिकामा व्हायला वेळ लागत नाही.

खरा फायदा आहे तो पोषणात. किड्यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. नुसत्या किड्यांवर वाढलेल्या सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. पण किड्याच्या पोटातलं अन्नही सरड्याच्या पोटात जातंच. दुकानातला किडा किती दिवस उपाशी होता, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. घरच्या डब्यात गाजर, पालेभाजी, कोंडा काय घातलं ते ठाऊक असतं. अर्थात इथेही चुकता येतं. कुत्र्या-मांजराचं प्रथिनयुक्त खाद्य सतत दिलं, तर झुरळ जास्तीचं नत्र युरिक ॲसिडच्या रूपात अंगात साठवतं आणि तेही सरड्याच्या पोटात जातं.

झुरळ म्हणजे रोगराई, हा आक्षेप गटारातून ताटात येणाऱ्या झुरळाला लागू पडतो. कोरड्या डब्यात गाजर खाणाऱ्याला तितकासा नाही. ते घरभर पसरेल ही भीती थंड मुलखात फारशी खरी नाही: मोठं डुबिया गुळगुळीत भिंत चढत नाही आणि उबेशिवाय त्याची वीण थांबते. उष्ण-दमट फ्लोरिडात मात्र डुबिया पाळण्यावर कायद्यानं बंधन आहे, आणि ते योग्यच आहे. कोकणासारख्या हवेतही हाच धोका संभवतो. तिथे परदेशी झुरळ आणण्याचं समर्थन मी करणार नाही. सर्वांत वजनदार आक्षेप ॲलर्जीचा. झुरळांची वाळलेली विष्ठा आणि कातीचा भुगा हवेत उडतो, आणि वर्षानुवर्षं डबा हाताळणाऱ्यांना शिंका, खाज, दमा जडू शकतो. डबा मोकळ्या हवेत, मास्क लावून साफ केला तर हा धोका कमी होतो, संपत नाही. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात हा डबा आणूच नये.