वीजबिलात जादा भरलेली रक्कम परत मिळवा

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताची झोडणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा शहरात कामाला जातात. घराला कुलूप असल्याने मीटरचे रीडिंग मिळत नाही व बिल सरासरीने येते. समजा, तीन महिने दरमहा ६० युनिटप्रमाणे १८० युनिटचे बिल भरले. प्रत्यक्षात मीटर ३० युनिटच फिरला. म्हणजे १५० युनिटचे पैसे जादा गेले.

विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६२(६) अन्वये ठरलेल्या दरापेक्षा जादा घेतलेली रक्कम बँक दराच्या व्याजासह परत मागता येते. त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे :

१) बिलावरील मागील व चालू रीडिंग मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावे.

२) मीटरचा फोटो, बिले व पावत्या जोडून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

३) दुरुस्त बिलात रक्कम वजा चिन्हाने दिसल्यास ती आपली जमा आहे. ती पुढील बिलांतून वळती होते. वीजजोडणी कायमची बंद करताना उरलेली जमा व अनामत दोन्ही मागावीत.

४) दाद न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत कल्याण परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज करावा. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते.

गाव सोडताना घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी व रीडिंग घेणाऱ्यास मीटर दाखवण्यास सांगावे. सरासरी बिलाचा प्रश्न मुळातच उद्भवणार नाही.