सोनेरी रेघांची नाजूक जीभ

घरातल्या कॉम्प्युटरची साडेतीन इंची हार्ड डिस्क हातात आली, तर तिची मागची कड एकदा उजेडात धरून बघा. काळ्या प्लास्टिकच्या शेजारी शेजारी दोन खाचा दिसतील. प्रत्येक खाचेत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची प्लास्टिकची जीभ, तिच्या टोकाला काटकोनात वळलेलं छोटंसं नाक, आणि एका अंगावर बारीक सोनेरी रेघा. लहान जिभेवर सात, मोठीवर पंधरा. डिस्क अर्धा किलोच्या आसपासची, ॲल्युमिनियमच्या भक्कम कवचातली. पण तिचं बाहेरच्या जगाशी जे काही बोलणं होतं, ते याच दोन जिभांवरून.

या जोडणीचं नाव साटा. तिची पहिली आवृत्ती २००३ सालची. आज घरोघरी असलेल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये आणि जुन्या लॅपटॉपमध्ये तीच असते. दुकानात नेल्यावर ‘पिन तुटलीय’ किंवा ‘कनेक्टर लूज आहे’ असं सांगतात, ते बहुधा याच जिभेबद्दल.

लहान जिभेवरच्या सात रेघांपैकी तीन नुसत्या ग्राउंडच्या. उरल्या चार, म्हणजे दोन जोड्या. एक जोडी कॉम्प्युटरकडून डिस्ककडे जाण्यासाठी, दुसरी डिस्ककडून परत येण्यासाठी. लग्नाचे फोटो, बाबांनी जमवलेली गाणी, मुलीचा प्रबंध, सगळं या चार रेघांवरून ये-जा करतं. आणि वेग किती, तर २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सेकंदाला ६ अब्ज बिट. इतक्या वेगात एका बिटाच्या वाट्याला जो वेळ येतो, तेवढ्यात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा फक्त पाच सेंटिमीटर पुढे सरकतो. तांब्याच्या तारेत विजेचा संकेत प्रकाशाहून सावकाश जातो. त्यामुळे अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये कोणत्याही क्षणी बारा-पंधरा बिट एकामागोमाग वाटेतच असतात. पुढचा अजून पोचायचा असतो, तोवर मागचे डझनभर निघालेले असतात.

हे साधतं कसं? जोडीतल्या दोन तारांवर एकच संकेत उलटसुलट पाठवला जातो. एकीवरचा विजेचा दाब चढला की दुसरीवरचा उतरतो. घेणारी चिप दोन तारांमधला फरक तेवढा बघते, आणि तो फरक असतो साधारण अर्ध्या व्होल्टचा. पंख्याचा, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा किंवा शेजारच्या तारेचा उपद्रव दोन्ही तारांना जवळपास सारखाच होतो, म्हणून वजाबाकीत तो उडून जातो. गोंगाटात कुजबुज ऐकू यावी, म्हणून केलेली ही युक्ती मला आजही अद्भुत वाटते.

त्याआधीची पद्धत अनेकांना आठवत असेल: करड्या रंगाची, चार बोटं रुंदीची चपटी केबल आणि चाळीस खिळ्यांचा सॉकेट. तिचं घराणं १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपर्यंत जातं. तिच्यात सोळा बिट सोळा तारांवरून एकाच वेळी निघायचे आणि सोळाही एकाच वेळी पोचणं गरजेचं असायचं. वेग वाढवत नेला तसं कुणी किंचित आधी, कुणी किंचित मागे असं होऊ लागलं, आणि ती पद्धत सेकंदाला १३३ मेगाबाइटच्या पुढे गेलीच नाही. तारा कमी केल्यावर वेग वाढला, ही उलटी वाटणारी गोष्ट साटाने खरी करून दाखवली. जुन्या पद्धतीत एक सोय मात्र होती. वाकलेला खिळा क्लच पेन्सिलच्या रिकाम्या टोकात धरून अलगद सरळ करता यायचा. साटाची जीभ वाकत नाही, तुटतेच.

आता त्या सोनेरी रेघांच्या जवळ जाऊ. केबलच्या टोकात धातूच्या बारीक स्प्रिंगा असतात, त्या या रेघांवर दाब देऊन बसतात. डोळ्यांना वाटतं, पट्टीला पट्टी पूर्ण चिकटली. प्रत्यक्षात कितीही गुळगुळीत धातू घेतला, तरी त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि दोन धातू एकमेकांवर टेकतात ते फक्त काही उंचवट्यांच्या माथ्यांवर. सगळी वीज त्या मोजक्या ठिपक्यांतून जाते. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांनी आयुष्यातली अनेक वर्षं विजेच्या संपर्कबिंदूंचा अभ्यास करण्यात घालवली. या विषयात आजही त्यांचं नाव आधी घेतलं जातं. ते ठिपके स्वच्छ राहावेत, एवढ्यासाठीच सोनं. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून हलका दाबही पुरतो. सोन्याचा हा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्याखाली निकेल, आणि निकेलखाली तांब्याचा मिश्रधातू. मधलं निकेल नसतं, तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यातून वर झिरपले असते.

केबल दर वेळी लावताना-काढताना स्प्रिंग त्या थरावर घासते. म्हणूनच साटाच्या नियमावलीत कॅबिनेटच्या आतल्या साध्या केबलसाठी लावण्या-काढण्याची हमी आहे फक्त ५० वेळांची. सर्व्हरमध्ये डिस्क जिथे थेट सरकवून बसवतात, तिथे तोच आकडा ५०० आहे. थर झिजला, की पावसाळ्यातली मुंबई-कोकणातली दमट, खारट हवा खालच्या धातूपर्यंत पोचते. मग पंख्याच्या थरथरीने आणि तापण्या-निवण्याने होणारी केसाहून बारीक हालचालसुद्धा तिथे मळ साठवत राहते. केबल काढून पुन्हा लावल्यावर डिस्क दिसायला लागते, त्यात चमत्कार नसतो; स्प्रिंगने तो मळ खरवडलेला असतो.

आराखडा करणाऱ्यांनी स्प्रिंग केबलमध्ये ठेवली, हे फार शहाणपणाचं केलं. थकणारा भाग स्वस्त वस्तूत गेला. केबल बदलली की नवी स्प्रिंग मिळाली. पण ठिसूळ जीभ मात्र डिस्कवरच राहिली, आणि ही या आराखड्यातली खरी उणीव आहे असं माझं मत आहे. सरळ ओढीला ती व्यवस्थित टिकते. आडव्या जोरापुढे टिकत नाही. अनेक केबलना धातूची क्लिप असते, ती न दाबताच ओढली. केबल वर-खाली हलवत काढली. काटकोनी टोकावर कॅबिनेटचं झाकण दाबून बसवलं. की कट् असा आवाज येतो.

तुटल्यावर काय दिसतं ते नीट बघण्यासारखं आहे. प्लास्टिकचा तुकडा बहुधा केबलच्या टोकातच अडकून राहतो. डिस्कवर सात (किंवा पंधरा) सोनेरी तारा बोटांसारख्या उघड्या उभ्या असतात, कारण त्या मागे सर्किट बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात. जीभ वीज वाहत नव्हतीच. ती फक्त या बोटांना रांगेत आणि एका पातळीत धरत होती. त्यामुळे बोटं शाबूत असली, तर वाट अजून शाबूत आहे. आणि आतल्या चकत्यांना तर यातलं काहीच कळलेलं नसतं. वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं (माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो), पण तो कारभार बंद कोठडीत चालतो आणि कनेक्टर असतो बाहेर. बोर्डाचे स्क्रू काढले, तरी ती कोठडी उघडत नाही.

म्हणून केबलमध्ये अडकलेला तुकडा चिमट्याने उकरून काढू नका. कॉम्प्युटर बंद करा, वीज काढा, भिंग आणि चांगला उजेड घ्या. एखादं बोट वाकलं असेल, तर लाकडी टूथपिकने अगदी हलक्या हाताने रांगेत आणा. मग तोच तुकडा पोटात असलेली तीच केबल सरळ रेषेत पुढे सरकवा, म्हणजे प्रत्येक बोट आपापल्या खोबणीत परत बसेल. आता केबलवर ताण येणार नाही असा टेकू द्या आणि डिस्कला हात लावू नका. फेविक्विकसारखा पातळ गोंद लावायचा मोह होतो, पण तो अरुंद फटीत आपोआप ओढला जातो आणि सोन्यावर त्याची न दिसणारी, वीज अडवणारी साय धरते. चिकटवायचंच असेल, तर आधी डेटा उतरवून घ्या आणि मग दोन ट्यूबांचं घट्ट इपॉक्सी फक्त बाहेरच्या कडेला लावा.

मोठ्या जिभेच्या बाबतीत मात्र जास्त सावधपणा हवा, कारण तिथे वीज आहे. रेघांचा मूळ क्रम बघा: ३.३ व्होल्टच्या तीन, मग तीन ग्राउंड, ५ व्होल्टच्या तीन, ग्राउंड, एक वेगळ्या कामाची, पुन्हा ग्राउंड, आणि शेवटी १२ व्होल्टच्या तीन. एका दाबाचा गट दुसऱ्याला कुठेच खेटत नाही, मध्ये ग्राउंड असतंच. काही ग्राउंड रेघा तर किंचित लांब ठेवलेल्या आहेत, म्हणजे जोडताना त्या सर्वांत आधी टेकतात. एवढा विचार करून केलेली रांग तुटलेल्या, वाकलेल्या बोटांमुळे विस्कटली आणि १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या वाटेवर गेले, तर बोर्ड जळू शकतो. बऱ्याच डिस्कवर अशा वेळी स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवणारा एक डायोड असतो. पण त्याच्या भरवशावर प्रयोग करू नये. उलट एक दिलाशाची गोष्ट: साध्या हार्ड डिस्क बहुधा ३.३ व्होल्ट वापरतच नाहीत, आणि लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कना १२ व्होल्टचीही गरज नसते. अशा न लागणाऱ्या रेघा तुटल्या, तरी डिस्क चालू शकते.

जुन्या चार खिळ्यांच्या प्लगवरून साटाला वीज देणारे जोडतुकडे बाजारात मिळतात. त्यातला साच्यात ओतून एकसंध केलेला प्रकार घेऊ नका. आत तारा एकमेकींच्या फार जवळ येऊ शकतात, आणि असे तुकडे वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं आहेत. मागून प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तो प्रकार घ्यावा.

जीभ तुटलेली नाही, नुसती कमकुवत झाली आहे, हे ओळखण्याचीही सोय आहे आणि ती डिस्कनेच करून ठेवलेली असते. साटावरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत त्याच्या मजकुरावरून काढलेला एक ताळ्याचा आकडा जातो. पोचल्यावर ताळा जुळला नाही, तर गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि डिस्क स्वतःच्या नोंदवहीत एकाने आकडा वाढवते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक डिस्कसाठी १९९ क्रमांकाची (काही ठिकाणी सी७ अशी दाखवलेली) ही नोंद सापडते. तो आकडा कधी कमी होत नाही. पण आज बघितल्यावर आठवड्याने तो वाढलेला दिसला, तर बहुधा दुखणं चकतीचं नसून केबलचं किंवा कनेक्टरचं असतं. चुका वाढल्या, तर लिनक्ससारखी प्रणाली मुद्दाम वेग उतरवून ६ वरून ३ आणि मग १.५ गिगाबिटवर आणते. कॉम्प्युटर एकाएकी रेंगाळू लागला, की नवी डिस्क घेण्याआधी केबल बदलून बघावी, ती यासाठी.

बोटंच तुटली असतील, तर काम सोल्डरिंगच्या बारीक हाताचं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि अनेक शहरांत असा कनेक्टर काढून नवा लावणारे कारागीर आहेत. कुणी म्हणेल, तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावू. गेल्या वीसेक वर्षांतल्या डिस्कच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडांची खास मापं कारखान्यातच काढून बहुधा बोर्डावरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये ठेवलेली असतात. ती चिपही हलवावी लागते. म्हणून जुना बोर्ड कधीही फेकू नका. यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कमध्ये तर अनेकदा साटा नसतंच, यूएसबीचं तोंड थेट बोर्डावर असतं, आणि काही मॉडेलांमध्ये पासवर्ड न ठेवताही मजकूर सांकेतिक रूपातच लिहिला जातो. तिथे तोच बोर्ड दुरुस्त करणं हाच मार्ग.

तुमच्या हातात अशी डिस्क असेल आणि सगळं नीट जुळवल्यावर ती स्क्रीनवर दिसली, तर फोटो उघडून बघत बसू नका, रीस्टार्ट करू नका, झाकण लावू नका. आधी दुसरी डिस्क जोडा, जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी उतरवा, मग बाकीचं. मध्ये जोडणी सुटत असेल, तर डीडीरेस्क्यूसारखा, थांबला तिथून पुढे सुरू होणारा प्रोग्रॅम वापरा. कॉपी पूर्ण झाली आणि दुसऱ्या डिस्कवर फाइली उघडतात याची खात्री पटली, की मगच ती केबल काढा.