पंखा पोटात घेतल्यावर

जेट स्कीला पंखा नसतो, असं गणपतीपुळ्याला येणाऱ्या बहुतेकांना वाटतं. पंखा असतो, पण तो पोटात. संध्याकाळी स्की ट्रॉलीवर घेऊन मिस्त्री मागचा निमुळता नळा सोडवतो, तेव्हा पंख्याची पोलादी पाती दिसतात. तळाच्या जाळीतून आलेलं पाणी ती मागे रेटतात, त्यामागची स्थिर पाती पाण्याचा पीळ काढतात आणि नळ्यातून सुटलेला झोत स्कीला पुढे ढकलतो.

मिस्त्री पात्याच्या टोकाशी फीलर गेजची पट्टी सारून बघतो. पातं आणि भोवतालचं कडं यांच्यात मिलिमीटरहूनही कमी फट हवी. लाटा फुटतात तिथलं पाणी वाळूने गढूळ असतं. ती वाळू आत शिरते आणि कडं खाते. "इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. मग समजायचं, कडं गेलं." जाळीत गुंतलेला नायलॉनचा दोरा तो कापून काढतो, मग गोड्या पाण्याची नळी लावतो.

होडीच्या उघड्या पंख्याला वाळूचा एवढा जाच नाही. पण त्याला खोल पाणी लागतं, आणि पोहणारा जवळ आला तर तो कापतो. पंखा आत घेतल्याने माणूस वाचला, देखभाल वाढली.

उघडा प्रॉपेलर सोडून जेट इंजिन घेणं विमानांनाही असंच महागात पडलं. सोव्हिएत याक-३ लढाऊ विमानाच्या नाकातलं पिस्टन इंजिन काढून तिथे जर्मन जुमो ००४ वरून बनवलेलं जेट इंजिन बसवलं. हे याक-१५ विमान २४ एप्रिल १९४६ रोजी उडालं. पण तापलेला झोत पोटाखालून जाणार! म्हणून तिथे उष्णतारोधक पोलादी पत्रा आला आणि शेपटीचं रबरी चाकही पोलादी झालं. स्वीडनच्या साब २१ चा प्रॉपेलर मुळातच मागे होता. १९४७ मध्ये उडालेल्या त्याच्या जेट रूपात आडवी शेपटी झोताच्या वाटेतून उचलून वर न्यावी लागली. प्रॉपेलर गेल्याने चाकांचे पाय मात्र आखूड करता आले.

झोताभोवतीचं सगळंच नव्याने मांडावं लागतं, चालवणाऱ्याची सवयसुद्धा. साध्या जेट स्कीला वेगळं सुकाणू नसतं. हँडल वळतं तसं झोताचं तोंड वळतं. घाबरून थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो आणि स्की सरळच जात राहते. म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना इथली मुलं प्रत्येकाला बजावतात: "समोर कोणी आलं तर वळा, पण वळताना थ्रॉटल सोडू नका."