'नॅव्हिगेशन'ची आई कोण?

४ डिसेंबरचा नौदल दिन आला की फोनवर एक चित्र हमखास येतं. शिडाचं जहाज, मागे मावळता सूर्य आणि खाली ठळक मजकूर: 'नॅव्हिगेशन हा इंग्रजी शब्द संस्कृत नवगति या शब्दापासून आला आहे.' यंदा ते तीन गटांतून आलं, आणि त्यातला एक गट निवृत्त शिक्षकांचा.

अभिमान जरूर बाळगा, पण आधी संस्कृत तरी तपासा. 'नव' म्हणजे नवा किंवा नऊ. होडीसाठीचा शब्द 'नौ'. पुढे व्यंजन आलं तर तो नौच राहतो: नौका, नौयान, नौदल. स्वर आला तर 'औ'चा 'आव्' होतो आणि 'नाविक' तयार होतो. म्हणजे नौकेची गती ती 'नौगति'. 'नवगति'चा अर्थ फार तर 'नवी चाल'. हा मजकूर लिहिणाऱ्याने शाळेत संधी ऑप्शनला टाकलेली दिसते.

आता खरी व्युत्पत्ती. ती ऑक्सफर्डसह कुठल्याही चांगल्या इंग्रजी कोशात मिळते. लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. दोन्ही मिळून 'नाविगारे', जहाज हाकणे. त्याचं नाम म्हणजे नॅव्हिगेशन. शेवटचं 'एशन' हा निव्वळ प्रत्यय. त्यात गती शोधायची तर ती लिटिगेशन आणि फ्युमिगेशनमध्येही सापडायला हवी, कारण तेही याच 'आगेरे'च्या साच्यातले. एकात खटला चालवायचा, दुसऱ्यात धूर सोडायचा. पण वाळवीवाल्याला बोलावून घरात 'धूमगती' करून घेतली, असं कोणी म्हणत नाही.

'मग नौ आणि नाविस इतके सारखे कसे?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर १७८६ सालीच कलकत्त्यात मिळालं होतं. विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही. तिन्ही एकाच मूळ भाषेतून निघाल्या आहेत आणि ती भाषा कदाचित आता उरलेलीही नाही. म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. आपलं 'नौ', ग्रीक 'नाउस', लॅटिन 'नाविस' आणि फारसी 'नाव' ही भावंडं. बहिणीला आई ठरवल्याने तिचा मान वाढत नाही, घराण्याची वंशावळ तेवढी बिघडते.

खरी गंमत पुढेच आहे. 'आगेरे'चंही भावंड संस्कृतात आहे: 'अज्' हा धातू, 'अजति' म्हणजे हाकतो. म्हणजे नॅव्हिगेशनच्या दोन्ही तुकड्यांचे सगेसोयरे आपल्याकडे आहेत, फक्त त्यांत 'गति' नाही. 'गति' आली 'गम्'पासून, आणि 'गम्'चं लॅटिन भावंड 'वेनिरे', इंग्रजी भावंड 'कम'. 'गति'चे नातेवाईक शोधायचे असतील तर ते 'कन्व्हेन्शन'मध्ये शोधा.

आणि प्राचीनतेचा पुरावा हवाच असेल तर तो ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातल्या ११६व्या सूक्तात अश्विनीकुमार समुद्रात सापडलेल्या भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नावेतून घरी आणतात. हा दाखला असताना खोट्या व्युत्पत्तीचं शेपूट कशाला लावायचं?

आता किरकोळ गैरसमज.

'बोटीला नाव म्हणतात कारण तिला नाव दिलेलं असतं.' नाही. एक नाव 'नौ'पासून आलं, दुसरं 'नामन्'पासून. मराठीत येईपर्यंत दोन्हींचा उच्चार एक झाला, एवढंच.

'आरमार संस्कृत आहे.' नाही, ते पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलं. शब्द उसना, पण शिवरायांनी बांधलेलं आरमार अस्सल आपलं.

'जहाज ताशी वीस नॉट जातं.' नॉट हाच वेग आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. 'ताशी' त्यातच आलं.

'स्टारबोर्डचा ताऱ्यांशी संबंध आहे.' नाही, जुन्या बोटींचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे. त्या 'स्टिअर'चा हा अपभ्रंश.

'पॉश म्हणजे मुंबईच्या बोटीचं जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूचं, सावलीतल्या केबिनचं तिकीट.' झकास गोष्ट, पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

जाता जाता एक खरी व्युत्पत्ती, फुकट. कोळीवाड्यात होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. तो फारसी 'नाखुदा'. 'नाव' म्हणजे जहाज, 'खुदा' म्हणजे धनी. म्हणजे 'नौ'चं एक भावंड घरीच राहून नाविक झालं, दुसरं इराणात वाढून अरबी समुद्रावरून आलं आणि नाखवा झालं. आज दोघं एकाच होडीत बसतात. त्याचं चित्र मात्र मला अजून कोणी पाठवलेलं नाही.