‘बॅरन’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि उपयोग

इंग्रजी वाचतांना एखाद्या विशेषणाचा कोशांतील अर्थ हातीं लागतो, पण त्याचा रोंख कळत नाहीं, असा अनुभव पुष्कळांना येतो. ‘बॅरन’ हें असेंच एक विशेषण आहे. कोशांत त्यापुढें वांझ, नापीक, निष्फळ असे प्रतिशब्द सांपडतात. ते सर्व बरोबर आहेत. परंतु कोणता कोठें योजावा आणि कोठें मुळींच योजूं नये, हें कोश सहसा सांगत नाहीं. आज तेवढ्याच प्रश्नाचा विचार करूं.

‘सरदार’ या अर्थाचें जें इंग्रजी नाम आहे, त्याचाही उच्चार ‘बॅरन’ असाच होतो. मात्र त्याचें वर्णलेखन व अर्थ दोन्ही निराळे. आपलें विशेषण मध्ययुगांत जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आलें. प्रथम तें अपत्य न झालेल्या स्त्रीला लावीत. पुढें तें जमिनीला व झाडाला लागलें, आणि अखेरीस चर्चा, प्रयत्न, कल्पना यांनाही लागूं लागलें. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलांत सारा, राहेल व अलीशिबा यांना हेंच विशेषण लाविलें आहे. या तिघीही पुढें माता झाल्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याच ग्रंथांत ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत पुरुषांनाही तें लाविलेलें आढळतें. परंतु रूढ इंग्रजींत तें बहुतेक स्त्रीच्याच वांट्याला आलें.

असें कां व्हावें? स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज, ही उपमा युरोपांत होती, तशी आपल्या स्मृतिग्रंथांतही आहे. शेत पिकलें नाहीं कीं दोष भुईचा, असा निकाल मग आपोआप लागतो. बीं किडकें असूं शकतें, हें शेतकऱ्याला ठाऊक असतें. पण घरांत तो विचार कोणी करीत नसे. वास्तविक स्त्रीचेंही स्वतंत्र बीज असतें. सस्तन प्राण्यांचें तें बीज कार्ल अर्न्स्ट फोन बेअर या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रथम दाखविलें. म्हणजे उपमेचा पायाच खचला; शब्द मात्र राहिला. त्याचे परिणामही साधे नव्हते. मूल नाहीं म्हणून पहिली पत्नी असतांना दुसरी करण्याची चाल आपल्याकडे होती. मुंबई प्रांतांत हिंदूंच्या अशा विवाहाला १९४६ च्या कायद्यानें बंदी झाली, आणि पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती बंदी व्यापक केली.

आतां जमिनीकडे वळूं. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत ‘पाइन बॅरन्स’ नांवाचा पाइन वृक्षांचा विस्तीर्ण वनप्रदेश आहे. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांचीं नेहमींचीं पिकें तेथील रेताड, आम्ल जमिनींत येईनात, म्हणून हें नांव पडलें. पण एलिझाबेथ व्हाइट ही बाई आणि फ्रेडरिक कोव्हिल हे वनस्पतिशास्त्रज्ञ यांनीं १९११ पासून त्याच भूमींत ब्लूबेरीची लागवड करण्याचा उद्योग मांडला, आणि १९१६ सालीं तें फळ बाजारांत नेलें. ब्लूबेरीला आम्ल जमीनच मानवते! भूमि तीच होती. तिच्याकडे गहूं मागणाऱ्यानें तिला नापीक ठरविलें होतें. ‘बॅरन’ या शब्दाचें मर्म येथें आहे. तो वस्तूचा स्वभाव सांगतोसा वाटतो, पण वस्तुतः अपेक्षा करणाराची निराशा सांगतो.

आपल्याकडेही उदाहरण आहे. करटोलीच्या ज्या वेलाला फळ धरत नाहीं, त्याला वांझ करटोली म्हणतात; संस्कृतांत वंध्याकर्कोटकी. हा वेल म्हणजे करटोलीचा नर होय. त्याचा पराग मिळाल्यावांचून मादी वेलालाही फळ येत नाहीं.

या विशेषणाचे शेजारी शब्दही पाहिले पाहिजेत. ‘स्टराइल’ म्हणजे प्रजननास असमर्थ. परंतु शस्त्रक्रियेच्या खोलींत त्याचाच अर्थ ‘निर्जंतुक’ असा होतो आणि तो गुण ठरतो. हा अर्थ ‘बॅरन’ला कधींच नाहीं. ‘इन्फर्टाइल’ हा वैद्यकांतला शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणें बारा महिने वा अधिक काळ नियमित व निर्निरोध संबंध असूनही गर्भधारणा न होणें, हें वंध्यत्व. आणि तो स्त्री किंवा पुरुष यांपैकीं कोणाच्याही जननसंस्थेचा विकार असूं शकतो. जगांत साधारण सहा प्रौढांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां तरी त्याला तोंड द्यावें लागतें, असें त्या संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें. मराठींतला ‘भाकड’ हा शब्द मात्र येथें चालणार नाहीं. भाकड गाय दूध देत नाहीं एवढेंच. ती पुढें विईल आणि दूधही देईल.

तेव्हां भाषांतर करतांना जमिनीला ‘नापीक’ किंवा ‘ओसाड’ म्हणावें, झाडाला ‘वांझ’ म्हणावें, चर्चेला ‘निष्फळ’ अथवा ‘वांझोटी’ म्हणावें. ‘बॅरन ऑफ’ असा प्रयोग आला तर ‘शून्य’ हा प्रत्ययवजा शब्द नेमका बसतो : कल्पनाशून्य, अर्थशून्य. जुन्या ग्रंथाचें भाषांतर असेल तर स्त्रीविषयीं ‘वांझ’ हा शब्द ठेवावा, कारण त्या काळची दृष्टि लपविणें हेंही अप्रामाणिकपणाचेंच आहे. परंतु आजच्या लेखांत, पत्रांत आणि विशेषतः घरच्या बोलण्यांत तो कोणाही स्त्रीला लावूं नये. ‘त्यांना अपत्य नाहीं’ एवढें म्हटल्यानें खरें तें सर्व सांगून होतें. त्यांत दोघांचाही उल्लेख येतो, आणि कारण कोणाकडे आहे याचा निर्णय, तो हवाच असेल तर, वैद्याकडे राहतो.