चौदाशे वर्षांचा विद्यार्थी

हॅरी पॉटर १९९७ साली इंग्रजीत आला, पुढे ‘हॅरी पॉटर आणि परीस’ होऊन मराठीत आला, आणि जादू शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या पोरांच्या कादंबऱ्यांचं पेवच फुटलं. सोलापूरकरांना याचं फार अप्रूप वाटायला नको. आपल्या भागातल्या कथांमध्ये कोवळे गुरू इतके आहेत की बऱ्याचदा केस पिकलेले असतात ते शिष्याचे!

गावापासूनच सुरुवात करू. बाराव्या शतकातलं सोन्नलगी म्हणजे आजचं सोलापूर. गुरं राखणाऱ्या सिद्धरामाकडे एक जंगम येऊन हुरडा मागतो. खाऊन झाल्यावर म्हणतो, पोटात आग पडली, आता दहीभात आण. पोरगं धावत घरी जातं, भात घेऊन येतं, तर पाहुणा गायब! तो साक्षात मल्लिकार्जुन होता, असं कथा सांगते. सिद्धराम त्याला शोधत थेट श्रीशैलला पोचला. परतल्यावर त्याने शिष्य जमवले. परंपरेचा आकडा चार हजारांचा. या शिष्यांना काम काय दिलं? तळं खणा! गावच्या मधोमध आजही असलेला सिद्धेश्वर तलाव तो हाच. गुरुकुलात कुदळ-पाटीचा तास असलेली कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही.

गंमत पुढेच आहे. वीरशैव संत अल्लमप्रभू सोन्नलगीला आले आणि ‘कुठंय तुमचा तो माती खणणारा?’ अशा थाटात त्यांनी सिद्धरामाची चौकशी केली. शिष्य भडकले, दगड मारू लागले, पण एकही दगड अल्लमांना लागला नाही. अखेर सिद्धराम त्यांच्यासोबत कल्याणला, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात गेला. तिथे त्याला इष्टलिंगाची दीक्षा कुणी दिली? बसवेश्वरांच्या भाच्याने, चन्नबसवण्णाने. वयाने लहान आणि ज्ञानाने थोर म्हणूनच त्याची ख्याती.

आता श्रावणात घरोघरी वाचली जाणारी पोथी काढा: धुंडीसुत मालूंचं ‘नवनाथ भक्तिसार’, १८१९ साली पूर्ण झालेलं, ४० अध्यायांचं. मुलांच्या हाती ही पोथी कुणी कादंबरी म्हणून देत नाही, हे मला कायम चुकल्यासारखं वाटतं. छडीच्या जागी इथे भस्माची चिमूट आहे. वाताकर्षण अस्त्र सोडलं की समोरच्याचा श्वासच अडकतो. गोरक्ष तर उकिरड्यातून जन्मतो: मच्छिंद्रनाथांनी मूल व्हावं म्हणून दिलेलं भस्म एका बाईने घाबरून तिथे फेकलेलं, बारा वर्षांनी नाथ परत येऊन हाक मारतात आणि आतून ‘ओ’ येते!

त्यातला सगळ्यात झकास प्रसंग गृहपाठाचा आहे. गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत बसलाय. आसपासची पोरं चिखलाची गाडी करताहेत. त्यांना गाडीवान काही जमत नाही. ‘तू करून दे की,’ म्हणून ती गोरक्षाला गळ घालतात. तो चिखल मळतो, बाहुला वळतो, पण तोंडातला मंत्र काही थांबत नाही. बाहुला तयार होतो आणि चक्क जिवंत होतो. पोरं ‘भूत, भूत’ करत पळत सुटतात. पाठांतराच्या नादात जन्मलेलं हे बाळ म्हणजे गहिनीनाथ.

ही साखळी बघा: गोरक्षाचा शिष्य गहिनी, गहिनीचा निवृत्तिनाथ, निवृत्तीचा शिष्य त्याचाच धाकटा भाऊ ज्ञानदेव. (पुढे गोरक्ष स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूलाच, मच्छिंद्रनाथांना, सोडवून आणतो. त्यावर व्ही. शांतारामबापूंनी १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ हा चित्रपट काढला. दुर्गाबाई खोटे त्यात राणी होत्या.)

आणि मग ज्ञानदेवांची धाकटी बहीण मुक्ताई. चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षं जगलेले, पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना: वयाने लहानाला लिहायचं की ज्ञानाने मोठ्याला? शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताईने तो बघून टोमणा मारला, की चौदाशे वर्षं झाली तरी हे कोरेच! मग वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेवांची स्वारी निघाली. इकडून भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. चांगदेवांचा तोरा उतरला आणि त्यांनी मुक्ताईला गुरू केलं. मुक्ताईचा जन्म १२७९चा आणि समाधी १२९७ची, म्हणजे गुरुबाई आजच्या हिशेबाने मतदारही नव्हत्या.

याच मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबा खेचरांनी कुंभारांना दम भरला होता. ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली, तिने त्यावर मांडे भाजले. चोरून बघणारे विसोबा तिथेच वरमले आणि या पोरांचे शिष्य झाले. त्यांची समाधी आपल्या बार्शीत दाखवतात.

पुढे बार्शीशेजारच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली, तेव्हा ‘कच्चं मडकं’ ठरले नामदेव. त्यांना पक्कं करायचं काम आलं ते या विसोबांकडेच. विसोबा पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव रागावले, तर म्हणाले, ‘बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव.’ नामदेव पाय हलवतील तिथे पिंड उगवायची.