वयात येण्यासाठी सहा हजार किलोमीटर

चारशेच्या आसपास ईल मासे चिरूनही एका हुशार विद्यार्थ्याला नराची खूण छातीठोकपणे सांगता आली नाही. साल १८७६, ठिकाण एड्रियाटिक किनाऱ्यावरचं त्रिएस्ते आणि विद्यार्थी सिग्मंड फ्रॉइड. ईलला ना नर ना मादी, तो चिखलातून उपजतो, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला होता. मादीचं अंडाशय अठराव्या शतकात ओळखलं गेलं, नर मात्र सापडेना. कारण साधं होतं. संशोधक मोठमोठे मासे निवडून चिरत, आणि मोठे ईल जवळपास सगळे माद्याच असतात. सिर्स्की या संशोधकाने १८७४ मध्ये लहान ईल चिरले, तेव्हा त्याला झालरीसारखा एक अवयव दिसला. ते वृषणच का, हे फ्रॉइडला तपासायचं होतं. अवयव दिसला, पण खात्री पटेल असा पुरावा मिळाला नाही.

यात फ्रॉइडचा दोष नव्हता. नदीत किंवा खाडीत सापडणारा ईल दहा-पंधरा वर्षांचा असला तरी वयात आलेला नसतो. पिल्लू गोड्या पाण्यात येतं तेव्हा त्याचं लिंगही ठरलेलं नसतं. दाटीवाटीच्या जागी नर जास्त होतात, मोकळ्या जागी माद्या.

मग एका शरद ऋतूत त्याचं रूप पालटू लागतं. पिवळट पोट चंदेरी होतं, डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं, खाणं थांबतं. युरोपातल्या नद्यांमधून निघालेला हा मासा अंगातल्या चरबीवर पाच-सहा हजार किलोमीटर पोहून अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात पोचतो. निघताना मादीचं अंडाशय शरीराच्या वजनाच्या जेमतेम दीड-दोन टक्के असतं. प्रयोगशाळेत पूर्ण पिकलेल्या मादीत मात्र निम्मं वजन गाभोळीचंच झालेलं आढळतं. पोटच्या अंड्यांसाठी ती स्वतःचं मांस-चरबी खर्चून टाकते. विणीनंतर नर-मादी दोघंही मरतात.

वयात येणं एवढं लांबणीवर टाकतो तो मेंदू. पियूषिका ग्रंथीला चालना देणारं संप्रेरक ईलमध्ये असतं, पण डोपामाइन त्या ग्रंथीवर लगाम धरून बसतं. म्हणून तलावात कितीही खाऊ घाला, ईल वीत नाही. १९३६ मध्ये मोरिस फोंतेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गरोदर स्त्रियांच्या लघवीचा अर्क टोचून नर पिकवला. कल्पना धाडसी खरीच! जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात सॅमनच्या पियूषिकेचा अर्क टोचून मादी पिकवली, १९७०च्या दशकात पिल्लंही निघाली, पण ती काही खाईनात. शार्कच्या अंड्यांची पूड त्यांना मानवली आणि २०१० मध्ये प्रयोगशाळेत जन्मलेल्या ईलची पुढची पिढी प्रयोगशाळेतच जन्मली.

निसर्गातली वीण पाहणं त्याहून अवघड. जपानी ईलची अंडी कात्सुमी त्सुकामोतो यांच्या चमूला मे २००९ मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेला मिळाली. अवघी ३१ अंडी, प्रत्येक दीड मिलिमीटरच्या आसपास, तीही अमावास्येच्या तोंडावर. युरोपीय ईलचं मात्र एकही अंडं सारगासोत आजवर हाती लागलेलं नाही. योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून वर्षानुवर्षं जाळी ओढून लहानात लहान पिल्लं कुठे मिळतात ते पाहिलं, आणि त्यावरून विणीची जागा ठरवली. बराच काळ एवढाच आधार होता.

आपल्या बाजारातली वाम याच गणातली, पण खारं पाणी सहसा न सोडणारी. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांतली अहीर मात्र थेट याच कुळातली. तीही विणीसाठी समुद्रातच जाते.

प्रयोगशाळेतलं यश बाजाराला अजून परवडत नाही. जपान-चीनच्या ईल-शेतीला अजूनही नदीमुखाशी पकडलेली काचेसारखी पारदर्शक पिल्लंच लागतात. युरोपीय ईल अतिसंकटग्रस्त ठरला, २०१० पासून युरोपीय संघाने संघाबाहेरची निर्यात थांबवली. तेव्हापासून ही पिल्लं पाण्याच्या पिशव्यांत भरून, सुटकेसमधून चोरून आशियात नेली जातात.